खानावळीतून खाद्यपेठेकडे

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका चाळल्या म्हणजे त्यांत वकील, वैद्य, शिक्षक, सरकारी अधिकारी व देणगीदार यांची चरित्रे आदराने छापलेली आढळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या व्यवसायाच्या बळावर मुंबईत आलेल्या कित्येक घरांची पहिली पिढी तगली, त्या खानावळीच्या व्यवसायास अशा पानांत चार ओळींची जागा मिळालेली आमच्या क्वचितच पाहण्यात आली आहे. ज्या ताटावर जेवून मुलगा शिकला, त्या ताटाचा उल्लेख मुलाच्या चरित्रात नसतो. ही उणीव थोडीफार भरून काढावी, आणि त्यासोबतच आज नायगाव-परळ भागातील पुष्कळ घरांत निघणाऱ्या एका प्रश्नाचा मागोवा घ्यावा, अशा दुहेरी हेतूने आम्ही हा लेख सभासद कुटुंबांच्या हाती देत आहोत. तो प्रश्न असा की, वडिलोपार्जित खानावळ किंवा छोटेखानी उपहारगृह चालेनासे झाल्यावर तीच जागा व तेच हात वापरून आपल्या प्रांताच्या खास खाद्यवस्तूंची पेठ उभारावी काय, आणि उभारल्यास ती टिकेल काय.

इतिहासाची सुरुवात नायगावपासूनच करावी लागते. आज त्या भागात उंच मनोरे उभे आहेत, परंतु एके काळी तेथे सकाळ होई ती गिरणीच्या भोंग्याने. बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल, कोहिनूर, गोल्ड मोहर अशा गिरण्या पायी चालण्याच्या अंतरात होत्या. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत इ. स. १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते निघाले आणि त्या खात्याने कामगारांकरिता ज्या सिमेंट-काँक्रीटच्या चाळी बांधल्या, त्यांना त्याच खात्याच्या आद्याक्षरांवरून बी. डी. डी. चाळी हे नाव पडले. वरळी, डिलाइल रोड, नायगाव व शिवडी मिळून अशा २०७ इमारती झाल्या. त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. एवढ्या जागेत एक कुटुंब राही, चूल पेटे, आणि वर दहा-पंधरा माणसे जेवूनही जात. ते कसे जमे, हे आजच्या तरुण वाचकास सांगूनही खरे वाटणार नाही.

कोकणातून बोटीने आणि घाटावरून आगगाडीने येणारा कामगार बहुधा एकटा येई. बायकोमुले गावी शेताजवळ ठेवून तो गाववाल्यांच्या सामाईक गाळ्यात पथारी टाकी. निजण्याची सोय झाली तरी जेवणाची होत नसे. गाळ्याशेजारच्या खोलीतील एखादी मावशी महिन्याच्या बोलीवर त्याला दोन वेळचे जेवण घाली. तिचे नाव मेंबरांपैकी निम्म्यांना ठाऊक नसे. ती साऱ्यांची मावशी. मेंबर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण त्या व्यवहारात गिऱ्हाईक हा शब्द कधी आलाच नाही. जो दिवस जेवला नाही त्याचा 'खाडा' धरला जाई आणि महिनाअखेरीस हिशेबातून वजा होई. खाडा आदल्या रात्री सांगावा लागे. सकाळी सांगितलेला खाडा मावशी मान्य करीत नसे, कारण भाताचे आधण तोवर ठेवलेले असे.

पाळ्या तीन, म्हणून पंगती तीन. पहिल्या पाळीचा डबा पहाटे गेला पाहिजे, दुपारी सुटणारा माणूस गरम भातावर बसला पाहिजे, आणि रात्रपाळीवाल्याचे ताट झाकून ठेवले पाहिजे. कोकणचा मेंबर भात व माशाचे कालवण मागे, तर घाटावरच्या मेंबरास भाकरी व झणझणीत आमटी हवी असे. सोमवार कोणाचा, गुरुवार कोणाचा, श्रावण बहुतेकांचा. हे सारे वार मावशीच्या तोंडपाठ. वाटण पाट्यावर होई, कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह हे इंधन, आणि पाण्याची कळशी सार्वजनिक नळावरून आणावी लागे. घरधनी बहुधा स्वतः गिरणीत, खानावळ बाईची. दोघांचे मिळून घर चाले, परंतु जनगणनेच्या कागदावर त्या बाईच्या नावापुढे 'घरकाम' एवढेच लिहिले जाई. हा अन्याय साधा नाही, आणि पुढे व्यवसायाचे रूपांतर करण्याची वेळ आली तेव्हा त्याची किंमत पुरेपूर मोजावी लागली, हे पुढे दिसून येईल.

या घरगुती खानावळीखेरीज दुसरा एक प्रकार होता, तो पाटी लावून चालणाऱ्या उपहारगृहाचा. दादरला काण्यांचे उपहारगृह १९१० साली निघाले, आणि त्याच्या पाटीवर 'दक्षिणी ब्राह्मणांचे स्वच्छ उपहारगृह' असे शब्द होते. त्या काळच्या शहरात अनोळखी हाताचे खाणे ही शंकेची बाब असल्यामुळे ज्ञातीचे नाव हीच स्वच्छतेची हमी मानली जाई. आपणही त्यास अपवाद नव्हतो. आपल्या खानावळींतही पंगतीस कोणाला बसवावे व कोणाला डबा द्यावा याचे नियम होते, आणि ते नियम सर्वांना सारखे सुखाचे नव्हते. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही, कारण ते न लिहिता हा इतिहास सांगताच येणार नाही.

नाक्यानाक्यावरील इराण्याचे हॉटेल मात्र कोणालाही मोकळे असे. त्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुष्कळ इराण्यांनी एकाच छपराखाली एकीकडे चहापावाची टेबले आणि दुसरीकडे साबण, बिस्किटे, लोणी, अंडी यांचे दुकान चालविले. चहा पिणारा जाताना काहीतरी घेऊन जाई आणि सामान घ्यावयास आलेला चहा पिऊन जाई. हॉटेल व दुकान ही जोडी मुंबईस नवी नाही. आपल्या लोकांनी ती उशिरा पाहिली, एवढेच.

दुसऱ्या महायुद्धात खानावळीच्या अर्थव्यवहारास पहिला मोठा धक्का बसला. मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि ज्या बाईचे सारे गणित तांदळाच्या पोत्यावर होते तिला कार्डांवर हिशेब मांडावा लागला. मेंबराने आपले कार्ड आणून द्यावे, तरच त्याचा भात शिजे. वाण्याकडील उधारी वाढली, तशी सावकाराचीही. याच परिस्थितीतून नायगावात १९४८ साली कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेचा जन्म झाला. तीच पुढे 'अपना बाजार' या नावाने साऱ्या मुंबईस परिचित झाली. कामगार वस्तीत, कामगारांच्या भांडवलावर, वाजवी भावात किराणा देणारे दुकान उभे राहू शकते, हे नायगावाने शहरास दाखविले. आपल्या विषयाशी याचा संबंध असा की, खाद्यवस्तूंची पेठ चालविण्याची विद्या नायगावकरांना परकी नव्हती. ती त्यांच्या गल्लीतच होती. परंतु खानावळवाली मावशी या दुकानाकडे केवळ तांदूळ घेण्यास गेली. तेथे आपला मसाला विकावयास ठेवावा असे तिच्या मनात येण्यास पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली.

गिरगावात मात्र या दिशेने पावले आधीच पडली होती. विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी १९१० साली किराणा मालाचे दुकान थाटले, आणि पुढे त्या दुकानातून मसाले व लोणची निघू लागली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्या उद्योगास पुढे 'लिज्जत' हे नाव मिळाले. या दोन्ही उदाहरणांत शिजवलेले ताट नव्हते. टिकाऊ, मोजून देता येणारी, पुडीत बांधता येणारी वस्तू होती. ताट आणि पुडी यांतील हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो. पण सारा प्रश्न त्यातच सामावलेला आहे असे आमचे मत आहे.

शिजवलेल्या अन्नाचे आयुष्य काही तासांचे. दुपारी दहा मेंबर कमी आले तर त्यांचा भात संध्याकाळी विकता येत नाही, आणि दहा जास्त आले तर पातेले पुरत नाही. गौरीगणपतीला आणि शिमग्याला अर्धी मुंबई गावी जाई, तेव्हा खाडेच खाडे; परंतु खोलीचे भाडे, वाण्याचे व्याज व भांडीवालीचा पगार यांना खाडा नाही. याउलट मसाला वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात करावयाचा आणि वर्षभर पुरवावयाचा. त्यातही गंमत अशी की, जे सण खानावळीस रिकामे करीत, तेच सण पुडीच्या विक्रीस भरभराटीचे ठरतात. गावी जाणारा माणूस जाताना मुंबईचा चिवडा नेतो आणि येताना गावची आमसुले आणतो.

आता ज्या घटनेने हा सारा प्रश्न पुढ्यात आणून टाकला तिच्याकडे वळू. सन १९७३–७४ च्या गिरणी संपात खानावळवाल्यांनी मेंबरांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. अंगावरचे दागिने गहाण पडले. ही स्थिती पाहून कामगार चळवळीतील व गोवामुक्तीच्या लढ्यातील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि लहान माणसास कर्ज द्यावे असे सरकारचे धोरण होते; परंतु तारण नसलेल्या, सही न करता येणाऱ्या बाईस बँकेच्या दारातून आत कोण घेणार? प्रेमाताईंनी स्त्रियांचे गट करून एकमेकींस जामीन ठेवण्याची पद्धत घातली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांस कर्ज मिळवून दिले. सावकाराचे व्याज सुटले. या गटांत सर्व ज्ञातींच्या बाया होत्या, हे विशेष. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री किताब मिळाला, तेव्हा गिरणगावातील कित्येक जुन्या खानावळवाल्यांना तो आपल्यालाच मिळाला असे वाटले असल्यास नवल नाही.

मंडळाने पुढे एकत्रित स्वयंपाकघर चालविले, कचेऱ्यांतून जेवण पुरविले, समारंभांची कामे घेतली आणि खाद्यपदार्थ विकले. एकेकटीने जे जमले नाही ते मंडळास जमले, याचे कारण केवळ भांडवल नव्हे. मंडळास नाव होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पहिले काही महिने खानावळी चालू राहिल्या. मावशीने पुन्हा उधारीवर ताटे वाढली, कारण भुकेल्या मेंबरास उठवून लावण्याची रीत तिला ठाऊक नव्हती. मग मेंबर गावी जाऊ लागले. जो सणाला जाई तो परत येई, परंतु संपात गेलेला पुष्कळदा परत आला नाही. वह्यांत नावे राहिली आणि नावांपुढे आकडे राहिले. ज्यांच्यासाठी ही संस्था जन्मली तो एकटा, गाववाल्यांच्या गाळ्यात राहणारा, तीन पाळ्यांचा माणूसच शहरातून नाहीसा झाला. मालकाच्या चुकीने वा चव बिघडल्याने बंद पडलेला धंदा पुन्हा उभारता येतो. जेवणारेच उठून गेले तर वाढणाऱ्याने काय करावे?

ज्यांची पाटी होती त्या उपहारगृहांचे हाल निराळ्या प्रकारचे झाले. नोकरवर्गाचे पगार वाढले, गिऱ्हाईक मात्र जुन्या दराची राइस प्लेट मागत राहिले. १९९५ साली राज्य सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तेव्हा स्वस्त जेवण ही सरकारने पुरवावयाची वस्तू ठरू लागली. २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी ही त्याच मालिकेतील. गरिबास अन्न मिळाले याचा आम्हांस आनंद आहे. परंतु अनुदान नसलेल्या घरगुती खानावळीने त्या दराशी स्पर्धा करावी ही अपेक्षा कोणीच करू नये. दुसऱ्या टोकास, गिरण्यांच्याच आवारांत जी आलिशान उपहारगृहे निघाली त्यांतील एका पेल्याच्या किमतीत पूर्वी एका मेंबराचा महिना निघाला असता. मधला माणूस मध्येच राहिला.

अशा वेळी काही कुटुंबांनी टेबले काढून फळ्या बसविल्या. एका दिवसात नव्हे. आरंभी गल्ल्याजवळ काचेच्या बरणीत कडक बुंदीचे लाडू व मालवणी खाजे आले. मग उन्हाळ्यात मसाल्याच्या पुड्या. मग गणपतीत मोदकाचे पीठ. मग वड्यांचे पीठ, कुळथाचे पीठ, कोकमाचे आगळ, आंबापोळी, फणसपोळी, तिरफळे, उकडा तांदूळ, सुकी मासळी. टेबलांची रांग मागे सरकत गेली आणि शेवटी एकच टेबल उरले, तेही सोलकढी पिणाऱ्यांसाठी. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि गावाकडील माल पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागला, याचाही या व्यापारास हातभार लागला. जवळच लालबागचा मिरची-मसाल्याचा बाजार व चिवडा गल्ली असल्याने नायगावच्या दुकानदारास कच्च्या मालासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बेडगी रंगाला, शंकेश्वरी तिखटाला. धने, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेसर, हळकुंड, हिंग हे भाजून घ्यावयाचे आणि कांडपावर कुटून आणावयाचे. पण त्याच बाजारामुळे स्पर्धाही दारातच. लालबागेत जाऊन आपल्या डोळ्यांदेखत मसाला कुटून आणणारी गृहिणी नायगावात तयार पुडी का घेईल, याचे उत्तर दुकानदारापाशी असले पाहिजे.

हे उत्तर कोणी शोधले, हे पाहण्यास थोडे बाहेर, बंगळुरास जावे लागते. योगायोगाने तेथेही लालबागच आहे. उडुपी भागातून आलेल्या परमपळ्ळी यज्ञनारायण मय्या व त्यांच्या बंधूंनी १९२४ साली काढलेले उपहारगृह पुढे 'मावळ्ळी टिफिन रूम्स', म्हणजेच 'एम. टी. आर.', या नावाने नामांकित झाले आणि १९६० साली लालबाग रस्त्यावरील सध्याच्या जागेत आले. आरंभीचे नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' असे होते. ज्ञातीच्या पाटीची रीत त्यांनाही लागू होती. रव्याची इडली आपणच दुसऱ्या महायुद्धातील तांदूळटंचाईत प्रथम केली असे ते अभिमानाने सांगतात. १९७५ साली आणीबाणी आली, आणि सरकारने उपहारगृहांतील पदार्थांचे दर इतके खाली बांधून दिले की तूप व कॉफीचा दर्जा राखून त्या दरात विकणे म्हणजे प्रत्येक ताटामागे तोटा. मय्यांनी दर्जा उतरविला नाही. रोजचा तोटा किती झाला हे दारातील फलकावर लिहून गिऱ्हाइकांस दाखविले, आणि अखेर उपहारगृह बंद केले. नोकर घरी बसविण्याऐवजी त्यांनी शेजारीच दुकान थाटून मसाल्यांच्या व तयार पिठांच्या पुड्या विकावयास आरंभ केला. जो माणूस कालपर्यंत इडली खावयास येई तो आता इडलीचे पीठ घरी नेऊ लागला. १९८४ साली उपहारगृह पुन्हा उघडले, पण तोवर पुड्यांचा व्यवसाय उपहारगृहाहून मोठा होऊ घातला होता. पुढे घरातच उपहारगृह व कारखाना अशा वाटण्या झाल्या, आणि २००७ साली पुड्यांची कंपनी नॉर्वे देशातील ऑर्क्ला या कंपनीने विकत घेतली.

या कथेतून आपल्याकडील पुष्कळ तरुण एकच गोष्ट घेतात: हॉटेल बंद करून पुड्या विकल्या की माणूस कोट्यधीश होतो. आम्हांस त्यातील निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. मय्यांनी पुडी विकावयास काढली तेव्हा त्यांच्या नावामागे पन्नास वर्षांची चव उभी होती. पुडीवर ते तीन अक्षरी नाव छापताच तिची ओळख करून द्यावी लागली नाही. नायगावच्या मावशीची चव त्याहून उणी होती असे आम्ही मुळीच मानणार नाही. परंतु तिच्या खोलीवर पाटी नव्हती. तिची कीर्ती मेंबरांच्या जिभेवर होती, आणि मेंबर गावी गेले तशी कीर्तीही बोटीत बसून गेली. पुडीवर 'मावशी' एवढेच छापावे, तर शहरात मावश्या हजार. अन्नपूर्णेने सर्वांना मिळून एक नाव दिले ते याच कारणाने मोलाचे. पाटी असलेल्या उपहारगृहवाल्यांस ही अडचण नव्हती, तरी त्यांच्यापैकी कित्येकांनी दुकान काढताना जुने नाव टाकून काहीतरी इंग्रजी थाटाचे नाव घेतले. बापजाद्यांची पुंजी आपल्या हाताने गटारात ओतण्याचा हा प्रकार आम्हांस आजवर उमगलेला नाही.

कायद्याच्या अडचणीही आहेत आणि त्या जाणून घेतल्या पाहिजेत. जुन्या भाड्याच्या जागा बहुतेक १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखालील. त्याची जागा १९९९ च्या कायद्याने घेतली. राहण्याच्या खोलीत खानावळ चालली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संमतीने व अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीने चालली. तिचे उघड दुकान करावयाचे म्हटले की घरमालकाची अनुमती, महापालिकेचा परवाना आणि जागेच्या वापराचा प्रश्न हे सारे उभे राहतात. मालाच्या शुद्धतेसाठी १९५४ चा भेसळप्रतिबंधक कायदा होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे व तो ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. पुडीवर वजन, घटक, तयार केल्याची तारीख, बनविणाऱ्याचे नाव-पत्ता व परवान्याचा क्रमांक छापावा लागतो. आपले काही वडीलधारे या गोष्टीस कटकट म्हणतात. आमचे मत उलट आहे. शंभर वर्षांपूर्वी जी हमी पाटीवरील ज्ञातीचे नाव देत असे, ती आता चौदा आकडी क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकास कोणाची पंगत वर्ज्य नाही. मसाल्याच्या पुडीने गिऱ्हाइकाची जात कधी विचारली नाही. ज्ञातीचा धंदा ज्ञातीबाहेर विकला गेला तरच तो जगतो, हे आपल्या दुकानदारांस आपल्या संस्थेच्या पुढाऱ्यांच्या आधी कळले, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

दुकान काढले म्हणजे संकट संपले असेही नाही. खुद्द अपना बाजारसारख्या मोठ्या सहकारी संस्थेस एकविसाव्या शतकाच्या आरंभी बड्या भांडवलाच्या दुकानांशी झुंजताना दम लागला. तेलाचा डबा, साखर, साबण यांत लहान दुकानदार कधीच जिंकणार नाही, आणि ज्यांनी नुसता किराणा भरला ते दुसऱ्यांदा बुडाले. टिकले ते, ज्यांच्याकडे दुसरीकडे न मिळणारी वस्तू होती: अमक्या गावचे आगळ, ओळखीच्या घरचे कुळीथ, आणि स्वतःच्या घरचा मसाला. यांतही मधला दलाल नको म्हणून काही घरांनी गावच्या भाऊबंदांकडूनच माल आणविला; तेथे भावाचा व नात्याचा हिशेब वेगळा न ठेवल्याने धंदा व नाते दोन्ही बिघडल्याची उदाहरणे ज्ञातीत सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही.

आता नायगावच्या जुन्या बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास हाती घेतला गेला आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळावयाची आहेत. वरळीच्या चाळींतील पहिल्या रहिवाशांस २०२५ साली नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नव्या इमारतीत पथारी टाकणारा एकटा कामगार असणार नाही, आणि बाराव्या मजल्यावर कोळशाची शेगडीही पेटणार नाही. त्या घरांतील नोकरदार सुना संध्याकाळी दमून येतील आणि त्यांना वाटण हवे असेल, भाजलेले, वाटलेले, दोन दिवस टिकणारे. शिजवलेले ताट आणि कोरडी पुडी यांच्या मधली ही वस्तू आहे, आणि ती रोज ताजी करावयाची असल्याने बड्या कंपनीपेक्षा खालच्या गाळ्यातील दुकानासच ती साधेल. जुन्या खानावळीचे हात येथे पुन्हा कामास येतात.

मात्र ते हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मावशीने उभ्या जन्मात मसाला मोजला तो मुठीने व चिमटीने; मिरची किती भाजावयाची हे ती घड्याळावर नव्हे, ठसक्यावर ठरवी. तिचा मसाला पुडीत घालावयाचा तर मुठीचे ग्राम झाले पाहिजेत, कारण दुसऱ्या वर्षी निराळी चव लागली तर गिऱ्हाईक तिसऱ्या वर्षी येत नाही. ज्या घरांत अशी आजी अजून आहे तेथील मुलासुनांनी वजनकाटा, वही व पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे, तिला नेहमीसारखा मसाला करू द्यावा, आणि प्रत्येक मूठ पातेल्यात पडण्याआधी काट्यावर ठेवून तिचे वजन लिहून घ्यावे. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव घालावे, संपूर्ण, माहेरच्या गावासकट. परवान्याच्या अर्जावरही तेच घालता येते. मसाल्याचे दिवस चैत्रात लागतात आणि जेमतेम दीड महिना ऊन मिळते.